बिनशिक्क्याची सही

कोल्हापूर जिल्ह्यात नादाला कुणी हसत नाही. कुणी कबुतरं पाळतो, कुणी शर्यतीच्या बैलाला पोटच्या पोराआधी दूध पाजतो, कुणी पहिलवान पोसतो, तर कुणाची जुनी बुलेट महिन्यातले वीस दिवस गॅरेजात आणि उरलेले दहा दिवस मालकाच्या ढकलण्यावर चालते. लोक एवढंच विचारतात, "पळतंय का?" पळत असलं, उडत असलं, झुंजत असलं, निदान मोठ्यानं वाजत असलं, की त्या नादाला आमच्याकडं मान आहे. वारणानगरातल्या आमच्या एका मित्राचा नाद मात्र यातलं काहीच करत नाही. तो कपाटात पडून असतो. मित्र विलायतेतल्या जुन्या रॉक कलावंतांच्या सह्या जमवतो.

त्यातली एक सही मी जवळून पाहिली आहे. जवळून म्हणजे त्यानं जेवढं जवळ येऊ दिलं तेवढं. आधी त्यानं मला हात धुऊन यायला सांगितलं. मग कोरडे करायला सांगितलं. मग म्हणाला, "आता बघ, पण हात लावू नको." लावायचाच नव्हता तर धुवायला कशाला लावले, हे विचारायची ती वेळ नव्हती. पारदर्शक पिशवीत गुलाबी रंगाचा एवढासा कागद होता. तिकडं 1960च्या दशकात पोरींच्या स्वाक्षरीवह्यांत गुलाबी, पोपटी, पिवळी अशी फिक्या रंगांची पानं असायची. त्यातलंच फाडलेलं एक पान. त्यावर निळ्या बॉलपेनची सही, मध्येच एके ठिकाणी कोरडी पडलेली. वही कुणाच्या तरी पाठीवर टेकवून घेतली असावी. खाली उजवीकडं कपाच्या बुडाचा तपकिरी अर्धगोल. तो डागही त्याच काळातला आहे, त्यामुळं किंमत उतरत नाही, असा मित्राचा खुलासा. सही होती एका ड्रमरची. त्याचा बँड असा, की त्याच्या आधी कोण वाजवून गेलं आणि नंतर कोण आलं यावरूनच लोकांच्या लक्षात राहिलेला. बीटल्स, हेंड्रिक्स, लेड झेपेलिन ही मंडळी मित्राच्या पगारात बसत नाहीत.

वारणाकाठचा पावसाळा भिंतींना घाम फोडतो. त्यामुळं गल्लीत कुणीही नवे बूट घेतले, की खोक्यातली सिलिका जेलची पुडी मित्राच्या घरी पोचती होते. वहिनी म्हणतात, "सगळ्या घरात कोरडी जागा एकच, ती त्या ड्रमरला. माझे पापड ओले."

मित्राच्या वडिलांना आम्ही सगळे आण्णा म्हणतो. आण्णा ऊस उत्पादक सभासद. त्यांनी तो कागद उजेडात धरला, उलटा केला, परत सुलटा केला आणि विचारलं, "शिक्का कुठाय?"

आण्णांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तात्यासाहेब कोरे यांनी पन्नासच्या दशकात या माळावर साखर कारखाना उभा केला आणि त्यामागोमाग दूध संघ, बँक, बझार, शाळा, कॉलेजं अशी सहकाराची रांगच लागली. एवढ्या संस्था म्हटल्यावर तेवढे चेअरमन, व्हाइस चेअरमन, कार्यकारी संचालक आणि सचिव आले. आणि प्रत्येकाची सही आली. शेअर्सच्या दाखल्यावर सही, उसाच्या नोंदीवर सही, तोडणी चिठ्ठीवर चिटबॉयची सही, पहिल्या उचलीच्या यादीवर सही, दुधाच्या बिलावर सही, शाळेच्या दाखल्यावर सही. इथं सही झाली की काहीतरी सुटतं आणि सही राहिली की काहीतरी अडकतं. सहीखाली गोल शिक्का, शेजारी तारीख, वर जावक क्रमांक एवढं असलं की ती पुरती झाली. नुसत्या सहीला आमच्याकडं गिचमीड म्हणतात.

"ह्यानं सही करून दिलं काय?" आण्णांचा पुढचा प्रश्न.

"काही नाही. नुसती सही."

"मग केली कशाला?"

रॉक संगीताच्या साठ-सत्तर वर्षांच्या इतिहासात हा प्रश्न इतक्या नेमकेपणानं कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही.

बरं, ती त्यानंच केलेली, हे तरी कशावरून? मित्राचा निम्मा वेळ सह्या जमवण्यात जातो आणि निम्मा त्या खोट्या नाहीत याची खात्री करण्यात. या धंद्यात खोट्याचा इतिहास खऱ्याइतकाच जुना आहे. बीटल्सच्या मागं पोरी लागायच्या, वह्यांचे ढीग पडायचे, आणि त्यांच्या गाडीघोड्याची व्यवस्था बघणारे नील ॲस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स निवांत बसून चौघांच्याही सह्या ठोकायचे. कधी चौघांपैकीच एखादा बाकीच्या तिघांच्या करून टाकायचा. एल्विस प्रेस्लीच्या नावानं त्याच्या ऑफिसातल्या बायका सह्या करायच्या. म्हणजे आज कुणाच्या तरी दिवाणखान्यात सोन्याच्या चौकटीत जे टांगलंय, ते एखाद्या कारकुनाचं हस्ताक्षर असू शकतं. आण्णांना हे ऐकून हायसं वाटलं. "म्हणजे तिथं पण साहेब दौऱ्यावरच असतोय तर," ते म्हणाले.

परीक्षा करायच्या रीतीही पोलिसी आहेत. शाई बघतात, कागद अतिनील दिव्याखाली धरतात, अक्षराची वळणं सालानुसार लावतात. शार्पी मार्कर पेन बाजारात आलं 1964 साली. तेव्हा कुणी 1962 सालची बीटल्सची सही म्हणून शार्पीनं केलेली दाखवायला लागला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. एवढं सगळं झालं की मिळतं ते अस्सलपणाचं प्रमाणपत्र. त्यावर प्रमाणपत्र देणाऱ्याची सही असते. ती खरी कशावरून, हे बघायला अजून तरी वेगळं खातं निघालेलं नाही.

आम्हाला याचं नवल वाटत नाही. सत्यप्रतीच्या जमान्यात वाढलेली आमची पिढी. मूळ कागद घरी ट्रंकेत, हातात झेरॉक्स, आणि 'मूळ प्रतीवरून पडताळली' असं लिहून सही करणाऱ्या साहेबांनी मूळ प्रत जन्मात पाहिलेली नसे. त्या कागदावर आमची ॲडमिशनं झाली, नोकऱ्या लागल्या, काहींची लग्नंसुद्धा जमली. पण आमचे साहेब निदान स्वतः पेन चालवायचे. बॉब डिलननं त्यापुढची मजल मारली. 2022 साली त्याच्या पुस्तकाची 900 प्रतींची खास आवृत्ती निघाली, प्रत्येक प्रतीवर म्हणे त्याची स्वतःच्या हातची सही, किंमत 599 डॉलर. घेणाऱ्यांनी आपापल्या सह्यांचे फोटो एकमेकांना दाखवले, तर सगळ्या एका छापाच्या. सही यंत्रानं केलेली. प्रकाशकानं पैसे परत केले, आणि डिलननं पत्रक काढून माफी मागितली. चक्कर येण्याचा त्रास होता आणि वर कोविडचा काळ, असं कारण दिलं. नोबेल मिळालेल्या माणसानं सहीची वेळ आली की तब्येतीचं कारण पुढं करावं, यात आमच्या कुठल्याही कचेरीला परकं असं काही नाही.

रिंगो स्टार त्यापेक्षा सरळ. 2008च्या ऑक्टोबरमध्ये त्यानं व्हिडिओ काढून जगाला बजावलं, की 20 तारखेनंतर आलेलं कसलंही टपाल मी सही करून परत पाठवणार नाही, ते सरळ कचऱ्यात जाईल, मला फार कामं आहेत. हे सांगताना 'शांती आणि प्रेम' हे शब्दही त्यानं पुनःपुन्हा घातले. अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली, हे इतक्या गोड शब्दांत आमच्याकडच्या एखाद्या खिडकीवर लिहिलेलं दिसलं, तर लोक परत जाताना नमस्कार करतील.

आता कुणी म्हणेल, वारणानगर कुठं आणि रॉक संगीत कुठं. मित्राकडं याचं उत्तर तयार असतं: पाचगणी. सकाळी निघालं तर कऱ्हाड, सातारा, वाई करत जेवायला पाचगणीत. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत 1950च्या दशकात झांझिबारहून फारूख बलसारा नावाचा एक पारशी पोरगा बोर्डिंगला आला. पुढच्या दातांमुळं पोरं त्याला 'बकी' म्हणायची. 1958 साली त्याला ज्युनियर ऑलराउंडरची ट्रॉफी मिळाली. शाळेतल्याच दोस्तांबरोबर त्यानं 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला आणि त्यात तो पियानो वाजवायचा. 1963 साली तो परत गेला, पुढं इंग्लंडात स्थिरावला आणि फ्रेडी मर्क्युरी झाला.

तर मित्राचं स्वप्न असं, की पाचगणी-वाईच्या एखाद्या रद्दीवाल्याकडं, एखाद्या माळ्यावर, एखाद्या जुन्या वर्गमित्राच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'एफ. बलसारा' अशी शाळकरी अक्षरातली सही सापडेल. त्यापायी तो रद्दीवाल्यांशी इतक्या अदबीनं बोलतो, की ते त्याला विक्रीकर खात्यातला समजतात. वाईच्या एकानं त्याला शांतपणे समजावलं, "साहेब, तेव्हाची रद्दी म्हणजे तेव्हाच भडंग बांधून गेली." मोठा झाल्यावर माणूस सही देतो, लहान असताना नुसती हजेरी लावतो, आणि हजेरीपट कुणी जपून ठेवत नाही. आमच्याच गावाचं बघा. वारणा बाल वाद्यवृंदात इथल्या शाळकरी पोरांनी वाद्यं अशी वाजवली की लोक लांबून ऐकायला यायचे. पण त्यांच्यातल्या एकाचीही सही वारणानगरात कुणी घेतली असेल असं वाटत नाही. तबला वाजवणारा शेजारचा, व्हायोलिनवाली मामेबहिणीच्या वर्गातली. ज्याची सही घ्यायची तो ओळखीचा असून चालत नाही. त्यानं पाठमोरं, घाईत आणि शक्यतो परदेशी असावं लागतं.

फ्रेडीच्या कागदांचं पुढं काय झालं, हे आण्णांना सांगायची चूक मित्रानं केली. सप्टेंबर 2023 मध्ये लंडनला सदबीजनं त्याच्या घरातल्या चीजवस्तूंचा लिलाव केला. पियानो 17 लाख पौंडांच्या वर गेला. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या गाण्याचा हातानं लिहिलेला कच्चा मसुदा, तोही एका विमान कंपनीच्या कागदांवर खरडलेला, जवळजवळ 14 लाख पौंडांना गेला. आण्णांना पौंड कळत नाही, आणि खरं तर रुपयाही नाही. त्यांचं चलन टन आहे. मोबाइल गेला, बैल घेतला, नातीचं लग्न झालं, सगळं टनात. त्यांनी मित्राला हिशेब करायला लावला. त्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3150 रुपये. पौंडाचे साधारण 103 रुपये. म्हणजे मसुद्याचे 14 कोटींच्या वर, म्हणजे 45 हजार टन ऊस.

"पानं किती?"

"पंधरा."

आण्णांनी मनात भागाकार केला. "पानाला 3 हजार टन," ते म्हणाले, आणि बराच वेळ शेताकडं बघत बसले. मग हळूच विचारलं, "तोडणी-वाहतूक वजा जाता का?"

मुंबईत रॉकवाल्यांची ये-जा जास्त. 1966च्या सप्टेंबरात बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन रविशंकरांकडं सतार शिकायला आला आणि ताजमध्ये उतरला. मिशा वाढवल्या होत्या आणि नाव लावलं होतं सॅम वेल्स. हॉटेलातल्या पोरानं ओळखलं, बाहेर गर्दी जमली, आणि शेवटी बिचाऱ्याला पत्रकार परिषद घेऊन शिकवणीपुरतं सोडा अशी विनंती करावी लागली. मित्र म्हणतो, त्या हॉटेलच्या रजिस्टरात त्यानं 'सॅम वेल्स' अशी सही केली असली, तर ती जगातली सगळ्यात महाग खोटी सही ठरेल, कारण ती खोटी असल्याची खात्री खुद्द खऱ्यानं दिलेली. 1972 साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट कुलाब्याच्या स्लिप डिस्क क्लबात गेले आणि तिथल्याच वाद्यांवर वाजवून आले. त्या रात्री कुणीतरी सिगारेटच्या पाकिटावर सही घेतली असणार, आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांनी पाकीट सापडलं म्हणून बदडलं असणार.

मायकल जॅक्सनला रॉकवाले आपल्यात धरत नाहीत, पण सहीच्या बाबतीत त्याच्याएवढा मोठा धडा महाराष्ट्राला कुणी दिला नाही. 1 नोव्हेंबर 1996 रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात त्याचा कार्यक्रम झाला. जाताना त्यानं हॉटेलातल्या उशीवर भारताला उद्देशून मजकूर लिहिला आणि खाली सही केली. कापडावर, पिसांवर टेकवून, उभ्या उभ्या. त्याच कार्यक्रमाच्या करमणूक कराची माफी मात्र कोर्टकचेरीत गेली, फाइल फिरत राहिली, सरकारं आली नि गेली, जॅक्सनही गेला, आणि तीन कोटींच्या वरच्या त्या माफीवर मंत्रिमंडळानं मोहोर उठवली जानेवारी 2021 मध्ये. चोवीस वर्षं. आण्णांनी या दोन सह्यांतली दुसरी खरी मानली. "वेळ लागला म्हणजे तपासून केली असणार."

आता तर रॉक थेट आमच्या शिवेपर्यंत आलंय असं म्हणायला हरकत नाही. 2019च्या डिसेंबरात यूटू आणि 2025च्या जानेवारीत कोल्डप्ले ज्या मैदानात वाजवून गेले, ते नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. आणि डी. वाय. पाटील मूळचे हातकणंगले तालुक्यातल्या अंबपचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. त्यामुळं कोल्डप्लेच्या तिकिटांसाठी सगळा देश मोबाइलवर रांगेत उभा होता, तेव्हा आमच्या कट्ट्यावर चर्चा एवढीच होती, की अंबपात कुणाची ओळख आहे. ओळखी भरपूर निघाल्या, तिकीट एकही निघालं नाही. मित्राच्या ओळखीतला एक जण गेला, पण तो काय घेऊन आला? तिकीट मोबाइलमध्ये, गाणी मोबाइलमध्ये, गाणारा ख्रिस मार्टिन नखाएवढा, तोही मोबाइलमध्ये. कागदाचा एक कपटा नाही. तात्यासाहेबांच्या पुण्यतिथीला, 13 डिसेंबरला, वारणेचं कुस्ती मैदान भरतं तेव्हाही हेच. पूर्वी पहिलवानाच्या दंडाला हात लावून बघायला गर्दी व्हायची. आता गर्दी त्याच्याकडं पाठ करून उभी राहते, हात लांब करते आणि हसते. पहिलवानाला वाटतं, हे सगळे आपल्यापासून पळायच्या तयारीत आहेत.

या सगळ्यात आण्णांना पटलेला सही देणारा एकच: गांधीजी. ते सहीचे 5 रुपये घ्यायचे आणि हरिजन फंडात टाकायचे. "हे बरोबर," आण्णा म्हणाले. "पैसे कुठं गेले ते कळतंय."

मला मात्र हळूहळू मित्राची बाजू कळायला लागली आहे. या माणसाचं सगळं आयुष्य पतसंस्थेच्या काउंटरमागं गेलं. दिवसभर तो ज्या सह्या बघतो, त्यातली प्रत्येक सही कुणाला तरी बांधते. कर्जदाराची बांधते, तारणाची बांधते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जामीनदाराची बांधते. जामीनदार हा आमच्या सहकारातला सर्वात दुःखी प्राणी. त्यानं एकदा कुणाच्या तरी चहावर खूश होऊन सही केलेली असते. पुढं कर्ज घेणारा बुलेटवरून फिरतो आणि नोटीस याच्या घरी येते. अशा सह्यांत बुडालेल्या माणसाला संध्याकाळी घरी आल्यावर एक सही बघायला मिळते, जिच्यातून वसुली निघत नाही. ड्रमरनं ती केली, पेन परत दिलं आणि गाडीत बसून गेला. ना तो काही देणं लागतो, ना सही घेणारी पोरगी. तिला फक्त हवी होती, आणि त्याला नाही म्हणवलं नाही. एवढ्या स्वस्तात माणसं सुटल्याचा पुरावा दुसऱ्या कुठल्या कागदावर मिळतो?

हे मी त्याला बोलून दाखवलं. तो भारावला. इतका भारावला, की दुसऱ्याच दिवशी सकाळी घरी आला. लंडनच्या एका व्यापाऱ्याकडं एक नामी सही निघाली होती. या वेळी ड्रमरची नाही, गाणाऱ्याची. आठवड्याची मुदत, पैसे कमी पडत होते, कर्ज काढायचं ठरलं होतं, कारणाच्या रकान्यात 'घरदुरुस्ती' लिहून झालं होतं. स्वतःच्या संस्थेतून काढणं बरं दिसत नाही म्हणून दुसऱ्या पतसंस्थेचा फॉर्म आणला होता. दोन जामीनदार लागत होते. एक आण्णा.

"आण्णा तयार झाले?" मी विचारलं.

"त्यांना पाइपलाइन म्हणून सांगितलंय."

आम्ही त्या पतसंस्थेत गेलो. फॉर्मवर तीन ठिकाणी, मागच्या पानावर दोन, स्टॅम्पपेपरवर प्रत्येक पानाच्या तळाशी एक अशा मी सह्या केल्या. सचिवांनी त्या माझ्या जुन्या नमुना सहीशी ताडून बघितल्या, चष्मा वर केला, खाली केला. "पहिली जुळते," ते म्हणाले, "पुढच्या जुळत नाहीत."

हात थरथरला असेल, असं म्हणून मी मित्राकडं पाहिलं. तो माझ्या बाजूनं बोलेल अशी अपेक्षा होती. त्यानं खिशातून भिंग काढलं, फॉर्म खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ वळणं न्याहाळली आणि जाणकाराच्या निर्विकार चेहऱ्यानं सचिवांना म्हणाला,

"बरोबर आहे तुमचं. ही ह्याची वाटत नाही. मी तर पैसे दिले नसते."